आधी पत्रा, मग इंजिन : घरच्या गॅरेजमधली एमजीबी

अँबॅसेडरचे बॉनेट उघडून ज्याने कधी टॅपेट लावले असतील, त्याला एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे इंजिन परके वाटणार नाही. दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ या ओतीव लोखंडी, चार सिलिंडरच्या इंजिनाचे १४८९ सीसीचे रूप उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातल्या अँबॅसेडरला मिळाले. नेमके तेवढ्याच सीसीचे इंजिन घेऊन १९५५ साली ‘एमजीए’ ही देखणी दोन आसनी गाडी इंग्लंडमध्ये बाजारात आली होती. १९६२ मध्ये तिच्या जागी एमजीबी आली. तिच्यासाठी सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिलिमीटरपर्यंत वाढवून इंजिन १७९८ सीसीचे केले, पण स्ट्रोक तोच राहिला : ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. आपल्याकडे मंत्र्यांना आणि टॅक्सीच्या गिऱ्हाइकांना ओढणारे इंजिन तिकडे हुडाशिवाय वारा खाणाऱ्यांना पळवत होते.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९८० पर्यंत एमजीबी बनत राहिली. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या. इतक्या संख्येने बनलेली, साध्या रचनेची आणि हौशी लोकांच्या हाती पडलेली गाडी सहजासहजी मरत नाही. आज ब्रिटनमध्ये घरामागच्या गॅरेजमध्ये सुटी करून ठेवलेली जुनी स्पोर्ट्‌स कार दिसली, तर ती एमजीबी असण्याची शक्यता बरीच मोठी. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. इतकेच काय, अख्खी कोरी बॉडीसुद्धा मिळते : ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या कंपनीने मूळ साचे शोधून, दुरुस्त करून १९८८ पासून त्यांवर नव्या बॉड्या बनवायला घेतल्या. पुढे रोव्हर कंपनीने याच बॉडीच्या आधारे ‘आरव्ही-८’ नावाची गाडी १९९० च्या दशकात काढली. सुमारे दोन हजार बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

अशी गाडी घरी घेणाऱ्याचे पहिले स्वप्न इंजिनाचे असते. मोठे कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, गुरगुरणारा सायलेन्सर. माझे म्हणणे असे की घरच्या कामाचा निकाल इंजिनावर लागतच नाही. तो लागतो पत्र्यावर. आणि ‘सुधारणा’ म्हणून जे सामान विकले जाते, त्यातले निम्मे झिजेवरचे औषध असते. गाडी आधी कारखान्यातून निघाली तेवढी चांगली करावी. मग तिच्यात खरोखर काय कमी आहे ते दिसते, आणि ती यादी अपेक्षेपेक्षा बरीच छोटी निघते.

पत्र्याचे महत्त्व का, ते समजून घ्यायला एमजीए आणि एमजीबी यांतला फरक पुरेसा आहे. एमजीएला वेगळी चासी होती : खाली पोलादी चौकट, वर बॉडी. बॉडी सडली तरी चौकट गाडी धरून ठेवी. एमजीबीत चासी काढून टाकली आणि पत्र्याच्या वळवलेल्या पेट्या एकमेकींना स्पॉट-वेल्ड करून त्यांनाच सगळा भार दिला. यालाच मोनोकॉक म्हणतात. बंद छपराच्या गाडीत हा भार काही प्रमाणात छप्परही उचलते. उघड्या एमजीबीत छप्पर नाही. झाकण काढलेला बुटाचा खोका हातात धरून पिळून पाहा, म्हणजे काय होते ते कळेल. म्हणून दाराखालून जाणारी पेटी, जिला ‘सिल’ म्हणतात, हीच या गाडीची खरी तुळई. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि त्यांच्या खाली आणखी एक वळवलेली पट्टी, अशा थरांतून ती बनते. चारही एकत्र असतील तेव्हाच ताकद.

गंजही नेमका तिथेच धरतो. पुढचे चाक चिखल उडवते, तो मडगार्डच्या आत मागच्या कोपऱ्यात साचतो आणि ओला राहतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे त्या चिखलात मीठही असते. सिलच्या तळाला पाणी निचरा होण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती बुजली की पेटी आतून सडू लागते. बाहेरून रंग चकाकत असतो. जुन्या गाड्यांचे काही विक्रेते सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवतात, वर लांबी भरतात, रंग मारतात. गिऱ्हाइकाला दिसतो सरळ, गुळगुळीत दाराखालचा पट्टा. भार उचलणारा मधला पडदा मात्र कधीच भुगा झालेला असतो.

याची परीक्षा सोपी आहे. दार आणि मागच्या मडगार्डमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा. मग गाडीची एक बाजू जॅकवर उचला आणि फट पुन्हा पाहा. वरच्या बाजूला फट मिटत असेल, दार उघडताना अडत असेल, तर गाडी मधोमध वाकते आहे. जॅक लावायच्या जागेवर जॅकच आत घुसला, तर पुढे बघायची गरज नाही. खिशातले लोहचुंबकही उपयोगी पडते : लांबीवर ते चिकटत नाही. मागच्या पाट्यांचे टोक जिथे बॉडीला बसते ती जागा, पायाखालची जमीन आणि सीटच्या मागची बॅटरीची खोबण हेही हमखास सडणारे भाग. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे दोन बाजूंना ठेवलेल्या असत. त्यांतून सांडलेले आम्ल पत्रा खाई.

सिल बदलताना घरगुती कारागीर जो घोटाळा करतो, तो वेल्डिंगचा नसतो, मापाचा असतो. गाडी चुकीच्या आधारावर उभी करून दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले, की बॉडी किंचित खाली बसते. तशाच अवस्थेत नवे पत्रे जोडले, की ती वाकलेलीच कायमची पक्की होते, आणि मग दारे कधीच नीट बसत नाहीत. म्हणून आधी इंजिन काढून वजन कमी करायचे, गाडी सपाट जमिनीवर भक्कम आधारांवर ठेवायची, दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी तात्पुरती जोडायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नवा पत्रा चिमट्यांनी धरून दार लावून पाहायचे, मडगार्ड लावून पाहायचे, पुन्हा काढायचे. या लावण्या-काढण्यात कित्येक शनिवार-रविवार जातात. वेल्डिंग त्या मानाने लवकर उरकते : पातळ पत्र्यासाठी ०.६ मिलिमीटर तारेचे मिग मशीन, आणि मूळच्या स्पॉट-वेल्डच्या जागी पत्र्याला भोक पाडून ते भरून काढायचे. सलग लांब रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा लाटांसारखा वळतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा तिकडे. जोडाच्या आत जस्तयुक्त प्रायमर आणि काम संपल्यावर पेटीत मेण फवारायचे. हे मेण कारखान्याने त्या काळी पुरेसे दिले असते, तर यातले निम्मे काम कोणालाच करावे लागले नसते.

इथेच सुरक्षेचे सांगतो, कारण नंतर सांगून उपयोग नाही. पेट्रोलची टाकी मागच्या डिकीच्या तळाला टांगलेली असते. वेल्डिंगपूर्वी ती काढून गॅरेजच्या बाहेर न्यायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. जुन्या ब्रेक-शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासणे टाळायचे. आणि आजचा दोन घटकांचा रंग घरी मारायचा नाही : त्यातली आयसोसायनेट रसायने फुप्फुसाला कायमची इजा करतात, आणि त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पत्रा घरी, रंग रंगाऱ्याकडे, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते.

बोल्ट खोलताना आपल्या मेकॅनिकला ही गाडी घरच्यासारखी वाटेल. सगळे आटे इंचात, म्हणजे पाने सुतात मोजायचे : साडेतीन सुती, चार सुती, साडेचार सुती. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला, की नटाचे कोपरे गेलेच.

ब्रेकचे काम इंजिनाआधी. एमजीबीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि सुमारे ९०० किलोच्या गाडीला ते पुरतात. रबरी होज नवे, लोखंडी नळ्यांच्या जागी तांबे-निकेलच्या, चाकाच्या सिलिंडरमधले वायसर नवे, ब्रेक ऑइल ताजे. एवढे केले की ‘ब्रेक कमी पडतात’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथेच मिटते.

शॉकअपचेही तसेच. या गाडीत आजच्या नळीसारखे शॉकअप नसून जुन्या पद्धतीचे, एका दांडीने फिरणारे ‘लिव्हर आर्म’ असतात. पुढच्या बाजूला तीच दांडी सस्पेन्शनचा वरचा हात म्हणूनही काम करते. त्यांच्यातले तेल गळून गेले की गाडी डोलते, आणि मालक नळीच्या शॉकअपचे महागडे किट मागवतो. नवे किट बसवल्यावर फरक जाणवतो यात शंका नाही, पण तुलना होते ती तेल संपलेल्या जुन्याशी. नीट दुरुस्त केलेले लिव्हर आर्म आधी लावून पाहावेत. किंग-पिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस लागते. ते वर्षानुवर्षे न दिल्यामुळे स्टिअरिंग जड झालेले असते, आणि त्यावर लोक इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा उपाय शोधतात!

विजेच्या बाबतीत लुकास कंपनीची जगभर टिंगल झाली. तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. माझ्या मते अर्धी टिंगल अन्यायाची आहे. पन्नास वर्षे ओलाव्यात राहिलेल्या गोळीच्या आकाराच्या जोडण्या हिरव्या पडतात, अर्थिंग जिथे बोल्टने बॉडीला जोडले आहे तिथे रंग किंवा गंज येतो, आणि दिवा मंद होतो. यात तार बनवणाऱ्याचा दोष थोडा. तारांची रंगपद्धत तर नमुनेदार आहे : तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनमधून आलेली, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून गेलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. ती एकदा डोक्यात बसली की नकाशा न पाहता बिघाड सापडतो. मात्र सुरुवातीच्या एमजीबीत फक्त दोन फ्यूज आणि हेडलाइटला तर फ्यूजच नाही, ही खरी उणीव आहे. इथे सुधारणा करावी. हेडलाइटला रिले आणि फ्यूज दिले, की सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या नाजूक स्विचमधून जाणे थांबते, दिवे उजळतात आणि आगीचा धोका कमी होतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. तशा गाडीत आजचे कुठलेही इलेक्ट्रॉनिक उपकरण लावण्याआधी ते उलटवून घ्यावे लागते.

आता इंजिन. एमजीबीवर दोन एसयू कार्बोरेटर असतात आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. एसयू ज्यांनी घडवला त्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांचे घराणे लंडनमधल्या पादत्राणांच्या व्यवसायातले. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या दाबाने हलणारा भाग म्हणून चक्क कातड्याचा भाता होता. पुढे भात्याची जागा धातूच्या पिस्टनने घेतली, पण तत्त्व तेच. इंजिन जितकी हवा ओढते तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याला खाली जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि तितकेच जास्त पेट्रोल सुटते. वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट नाहीत. एकच जेट, एकच सुई. पिस्टनच्या माथ्यावर थोडे तेल असते, ते पिस्टनला एकदम उसळू देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच मिश्रण क्षणभर घट्ट होते. ते तेल संपले की गाडी अडखळते, आणि पुष्कळ जण एसयू काढून ‘वेबर’ हा दुसरा कार्बोरेटर लावतात. कारण होते चमचाभर तेल.

हेडची रचना मात्र मूळचीच अडचणीची. चार सिलिंडरना आत येण्याचे मार्ग दोनच : पहिला-दुसरा मिळून एक, तिसरा-चौथा मिळून एक. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वाटेतून हवा ओढताना एकमेकांच्या तोंडचे पळवतात. या हेडवर हाताने काम करून, वाटा गुळगुळीत करून आणि वाल्वच्या बैठकी सुधारून चांगली ताकद काढणारे तज्ज्ञ ब्रिटनमध्ये आहेत. हेड काढलेच असेल तर एक काम नक्की करून घ्यावे : एक्झॉस्ट वाल्वच्या बैठकी कठीण धातूच्या बसवाव्यात. जुन्या पेट्रोलमधले शिसे या बैठकींवर थर धरून त्यांना झिजू देत नसे. २००० साली ब्रिटनमध्ये आणि भारतातही शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि सतत जोरात चालवलेल्या गाडीत बैठकी हेडमध्ये रुतू लागल्या.

पेट्रोलचा पुढचा बदल इथेनॉलचा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्के, आपल्याकडे आता वीस टक्के. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, भेगाळतात, आणि गरम एक्झॉस्टच्या वर गळणारी नळी म्हणजे काय हे सांगायला नको. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे ही इंजिनातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीची सुधारणा.

जुने डेल्को, म्हणजे स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, तपासूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावे. त्याचा मधला दांडा झिजून हलत असेल, तर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक तुकडा बसवल्याने काम तात्पुरते सुधारते, पण ठिणगीची वेळ मागेपुढे होतच राहते. दांडा ठीक असेल तर हा बदल जरूर करावा. वारंवार पॉइंट घासण्यातून सुटका होते.

लांबच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला गिअरबॉक्सचा बदल मात्र मनापासून सुचवावासा वाटतो. चार गिअरच्या एमजीबीत ताशी ११२ किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे घेते आणि बोलणे अशक्य होते. ओव्हरड्राइव्ह नावाचा जास्तीचा भाग त्या काळी पैसे मोजून मिळे, १९७५ नंतर तो सरसकट येऊ लागला. त्याने फेरे सुमारे ३२०० वर येतात. तो नसेल तर फोर्ड सिएरा किंवा माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरचा बॉक्स बसवण्याची तयार किट मिळतात. मूळ गाडीत जे कारखान्याने स्वतः देऊ केले होते, त्याच दिशेने ही सुधारणा जाते.

१९७४ च्या अखेरीपासूनच्या गाड्यांचा प्रश्न वेगळाच. अमेरिकी नियमांसाठी क्रोमचे बंपर गेले, जाड काळे रबरी बंपर आले, आणि बंपर ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून अख्खी गाडीच सुमारे दीड इंच उचलली. वर पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. वळणावर गाडी झुकू लागली. अमेरिकेसाठी पुढे एकच कार्बोरेटर ठेवला, प्रदूषण-यंत्रणा चढवली, आणि सुरुवातीला ९५ अश्वशक्ती सांगितले जाणारे इंजिन तिथे सत्तरच्याही खाली गेले. मोजण्याची पद्धतही मध्ये बदलली होती, पण घट खरीच. १९७७ च्या मॉडेलात कारखान्याने पुढे-मागे दोन्हीकडे बार देऊन चूक निस्तरली. अशी गाडी हाती आली तर पुष्कळ जण पुढचे मडगार्ड कापून, क्रोम लावून तिला १९७० ची करू पाहतात. त्यात पैसा बराच जातो आणि हाती येते ते सोंग. मी असतो तर स्प्रिंग बदलून गाडी मूळ उंचीवर आणली असती, बार लावला असता आणि काळे नाक तसेच राहू दिले असते. एमजीबीच्या इतिहासातले तेही एक खरे पान आहे.

दुसऱ्या टोकाला ऑक्सफर्डशरमधली ‘फ्रंटलाइन’ ही कंपनी आहे. तिने २०१२ मध्ये हेरिटेजच्या कोऱ्या बॉडीत माझदाचे दोन लिटरचे इंजिन बसवून ‘एलई-५०’ ही गाडी काढली. ती एमजीबी राहिली की नाही यावर अजून वाद होतात.

भारतात या वादाला कायद्याची धार आहे. आपल्याकडे उत्पादकाने नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम उचलून धरला. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणजे गंजलेल्या सिलच्या जागी तशाच घडणीची सिल बसवणारा अटीत बसतो, आणि माझदाचे इंजिन बसवणारा अडकतो. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरालाही काढता येत नाही. त्यामुळे जुनी एमजीए, एमजीबी किंवा तिची चुलत बहीण अँबॅसेडर इथे दुरुस्त करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले, तरी काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर टाकून देऊ नये. प्रत्येक काढलेला भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, खोक्यात ठेवावा. तपासणीच्या दिवशी किंवा गाडी विकताना तो पुन्हा लागू शकतो.